चक्र कुठं गळतं?

लातूरजवळच्या मुरुडहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. बहुधा शिक्षक असावेत, कारण प्रश्न नेमका आहे आणि अक्षर वळणदार. ते लिहितात, ‘चक्रीय अर्थव्यवस्था हा शब्द हल्ली भाषणांत आणि पाठ्यपुस्तकांत सारखा येतो. आमच्या घरात तर आजीच्या काळापासून कुठलीच वस्तू सहजासहजी फेकली जात नाही. मग यात नवीन ते काय? आणि आम्ही नेमकं करायचं काय?’

उत्तराची सुरुवात मी मुरुडच्या आसपासच्या एखाद्या गुऱ्हाळापासून करतो. हिवाळ्याची रात्र, चरकाची घरघर, काहिलीवर वाफेचा लोट आणि खाली चुलवाणात चिपाडं सारत बसलेला जाळव्या. चक्रीय अर्थव्यवस्थेवरच्या कोणत्याही अहवालात यापेक्षा सुंदर चित्र मला सापडलेलं नाही. ऊस येतो तो आपलं इंधन सोबत घेऊनच. रस काढून उरलेलं चिपाड एक-दोन दिवस उन्हात वाळलं, की त्यावरच पुढचा रस आटतो.

पण खरंच भागतं का त्यावर? ढोबळ हिशेब मांडून पाहू. एक टन ऊस चरकातून काढला की साधारण 600 किलो रस मिळतो आणि 400 किलो ओलं चिपाड उरतं. रसाचा गूळ होतो 100 किलोच्या आसपास, म्हणजे 500 किलो पाण्याची वाफ करावी लागते. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सव्वादोन मेगाजूल उष्णता लागते. त्यात रस उकळीपर्यंत तापवण्याची उष्णता मिळवली, की एकूण गरज होते 1300 मेगाजूल. ते 400 किलो चिपाड वाळून 190 किलो उरलं असं धरू. किलोमागे 16 मेगाजूल धरले तर त्यात 3000 मेगाजूल दडलेले आहेत. गरजेच्या दुपटीहून जास्त!

तरीही अनेक गुऱ्हाळांवर बाभळीची लाकडं रचलेली दिसतात. याचं कारण चुलवाणात आहे. चिपाडातली 43 टक्के उष्णता काहिलीच्या बुडाला पोचली तर बाहेरचं इंधन लागणार नाही. साध्या चुलवाणात तेवढीही पोचत नाही, बाकीची बरीचशी धुराड्यातून निघून जाते. ही तूट कुणी लाकडाने भरतं, कुणी पाचटाने. काही ठिकाणी जुने टायर आणि प्लास्टिक जाळल्याच्या बातम्याही येतात. टायर जाळणारा माणूस मुळात वाईट असतो असं मला वाटत नाही. त्याच्या चुलवाणाची कार्यक्षमता थोडी कमी पडते आणि तेवढ्या फटीतून विषारी धूर आत शिरतो. लखनौच्या भारतीय ऊस संशोधन संस्थेने काहिलीच्या बुडाला धातूचे पंख जोडून इंधन वाचवण्याचे प्रयोग केले. मोटारसायकलच्या इंजिनाला असतात तसेच हे पंख, फक्त इंजिनाचे उष्णता बाहेर टाकतात आणि हे ती आत ओढतात. धुराड्याकडे निघालेल्या गरम वायूवर दुसरी काहील ठेवून पुढचा रस आधीच कोमट करण्याची युक्तीही तशीच साधी आहे. ‘चक्रीय’ या मोठ्या शब्दाचं भवितव्य काहिलीच्या बुडावरच्या दोन बोटं उंचीच्या पंखांवर ठरू शकतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता इंधनाचं चक्र पुरं झालं असं समजू. सगळं परत आलं का? इथे मी पोटॅशियमच्या एका अणूच्या मागावर निघतो. उसाला पोटॅश भरपूर लागतं. पोटॅश या शब्दाचा मूळ अर्थ ‘भांड्यातली राख’. युरोपात लाकडाची राख पाण्यात भिजवायची, ते पाणी भांड्यात आटवायचं आणि तळाशी उरलेला क्षार साबणाला, काचेला वापरायचा, अशी रीत होती. 1807 मध्ये हम्फ्री डेव्हीने या क्षारातून विजेच्या साहाय्याने एक नवा धातू वेगळा काढला आणि त्याला राखेवरूनच पोटॅशियम नाव दिलं. आपल्या आज्या राखेने भांडी घासत तेव्हा त्यांच्या हाताला जो बुळबुळीतपणा लागे, तो याच क्षाराचा.

तेव्हा चुलवाणाची राख शेतात टाकली की पोटॅश परत गेलं, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात चिपाडाच्या राखेत सिलिका जास्त असते आणि पोटॅश थोडं. बरंचसं पोटॅश रसाबरोबर काहिलीत जातं, तिथून गुळात, गुळाच्या ढेपेबरोबर लातूरच्या आडतीत आणि पुढे पुण्या-मुंबईच्या घराघरांत. आपल्या शरीरातून ते लघवीवाटे बाहेर पडतं, गटारात जातं आणि तिथून नदीत नाहीतर खाडीत. जमिनीत झालेली तूट मग परदेशी खाणींतल्या पोटॅशने भरली जाते, कारण आपण वापरतो ते म्युरेट ऑफ पोटॅश जवळजवळ सगळं बाहेरून येतं. कॅनडा, रशिया, जॉर्डन अशा देशांतून जहाजाने निघालेलं पोटॅश मुरुडच्या खत दुकानात पोचतं आणि उसात शिरून पुन्हा समुद्राच्या वाटेला लागतं.

साखर कारखान्यात ही वाट थोडी वेगळी आहे. तिथे पोटॅश मळीत उतरतं, मळीतून आसवनीच्या सांडपाण्यात, आणि ते सांडपाणी आटवून जाळलं की पोटॅशयुक्त राख हाती लागते. त्या राखेच्या खताला 2021 मध्ये केंद्राच्या खत अनुदान योजनेत जागा मिळाली. इथेनॉलच्या गाजावाजात ही गोष्ट फारशी कुणाच्या कानावर आली नाही. मला मात्र ती इथेनॉलइतकीच मोलाची वाटते, कारण इथेनॉल मोटारीत जळून हवेत जातं आणि ही राख रानात परत येते.

म्हणून पत्रलेखकांच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर असं : काटकसर जुनीच आहे, नवीन आहे तो गळतीचा हिशेब. गोल बाणांचं चित्र कुणीही काढू शकतं. त्या गोलात फट कुठं आहे आणि तिथून काय, किती निसटतं, हे मोजायला विज्ञान लागतं.

हा हिशेब मांडणारा एक माणूस आपल्या महाराष्ट्रात बसून काम करत होता आणि आपण त्याला जवळजवळ विसरलो आहोत. चक्रीय अर्थव्यवस्थेच्या इतिहासात हटकून नाव येतं ते एलन मॅकआर्थर यांचं. 2005 मध्ये एकटीने शिडाच्या बोटीतून 71 दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणारी ही खलाशी. बोटीवर जेवढं भरलं तेवढंच आपलं, ही जाणीव तिने 2010 मध्ये स्थापन केलेल्या संस्थेमार्फत जगभर पोचवली. तिचं काम मोठं आहे. पण त्याच्या कितीतरी आधी वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा होते. तंजावरचे, सनदी लेखापाल, कोलंबिया विद्यापीठात शिकलेले. 1934 मध्ये गांधीजींनी स्थापन केलेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाची धुरा त्यांनी वाहिली आणि तुरुंगात असताना ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ हे पुस्तक लिहिलं. हिशेबनीसाच्या नजरेने त्यांनी निसर्गाची दोन खाती पाडली : एक साठ्याचं, एक प्रवाहाचं. कोळसा आणि खनिज तेल म्हणजे साठा, उपसला की संपणार. सूर्यावर वाढणारं धान्य, तेलबिया, लाकूड म्हणजे प्रवाह. हे नुसतं लिहून ते थांबले नाहीत. मगनवाडीत ‘मगनदीप’ नावाचा कंदील तयार झाला, तो रॉकेलऐवजी वनस्पतीजन्य तेलावर जळायचा. तेल घट्ट असल्याने वातीतून नीट चढत नाही, त्यामुळे ही रचना जमवणं सोपं नव्हतं. साठ्याच्या खात्यातून प्रवाहाच्या खात्यात केलेली ती एका घरापुरती बदली होती. चक्रीय अर्थव्यवस्थेचा धडा मराठी पाठ्यपुस्तकात सुरू व्हायचा असेल, तर तो मगनदीपापासून व्हावा.

आता दुसरा प्रश्न. घरात काय करायचं? लातूर ही डाळीची आणि सोयाबीनची पेठ, म्हणून तिथलंच उदाहरण घेतो. तुरीचं आणि सोयाबीनचं पोतं एकत्र ओतायला दहा सेकंद पुरतात. वेगळं करायला चाळण्या लागतात, माणसं लागतात, वेळ लागतो. सुपात डाळ निवडणाऱ्या कुणालाही उष्मागतिकीचा दुसरा नियम वेगळा शिकवावा लागत नाही : मिसळणं आपोआप होतं, निवडायला कष्ट पडतात. कचऱ्याच्या डब्यात आपण रोज हेच करतो. भाजीचे देठ, दुधाची पिशवी आणि औषधाची पट्टी वेगवेगळी असतात तोवर त्या तीन वस्तू आहेत, तिघींनाही जागा आहे. डब्यात त्यांच्यावर वरणाचं पाणी सांडलं की त्यांचा कचरा होतो.

हेच कापडातही घडलं. सुती लुगडं विरलं की त्याची वाकळ व्हायची, वाकळीतून बाळाचं दुपटं, मग फडकं, मग सारवायला पोतेरं आणि शेवटी उकिरडा. उकिरड्यात तो धागा कुजून जायचा. आजच्या साडीत पॉलिस्टर आहे, किंवा सुती आणि पॉलिस्टर असा मिश्र धागा आहे. पॉलिस्टर पाणी शोषत नाही, म्हणून त्याचं पोतेरं होत नाही. कुजत नाही, म्हणून उकिरड्यातही जिरत नाही. आजीची काटकसर सुनेकडे राहिली नाही असं म्हणणं अन्यायाचं आहे, कारण तिच्या हातातलं कापडच त्या उतरंडीला लायक राहिलेलं नाही. म्हणून माझा आग्रह फेकतानाच्या विचारापेक्षा विकत घेतानाच्या विचारावर जास्त आहे. याचं पुढे काय होईल, हा प्रश्न दुकानात विचारायचा.

खरकट्याबाबत मला डॉ. आनंद कर्वे यांची आठवण होते. महर्षी कर्व्यांचे नातू, इरावतीबाईंचे चिरंजीव, वनस्पतिशास्त्रज्ञ. गोबरगॅस म्हटलं की शेण, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं. कर्व्यांनी विचारलेला प्रश्न शाळकरी मुलाने विचारावा इतका सरळ होता : गॅस करणारे जिवाणू गाईच्या पोटातूनच आलेले ना? मग गाय खाते ते त्यांना द्या. शेण म्हणजे गाईने पचवून उरलेला चोथा, तो त्यांना कशाला? पुण्याच्या त्यांच्या ‘आरती’ संस्थेने पिठूळ पदार्थ आणि खरकटं यांवर चालणारं छोटं संयंत्र केलं आणि 2006 मध्ये त्याला लंडनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. दोन किलो पिठूळ खाद्यातून 500 ग्रॅम मिथेन मिळतो, असं संस्थेचं म्हणणं. मी कागदावर ताडून पाहिलं : कोरड्या पिष्टाच्या वजनाच्या जास्तीत जास्त 30 टक्के मिथेन होऊ शकतो, म्हणजे दोन किलोला सुमारे 590 ग्रॅम. दावा रसायनशास्त्राच्या मर्यादेत बसतो. मात्र खाद्य कोरडं मोजायचं. ओल्या भातात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, त्यामुळे चौघांच्या घरातल्या खरकट्यावर सगळा स्वयंपाक होईल अशी आशा धरू नये. आणि संयंत्राला एकदम जास्त खाऊ घातलं तर ते आंबतं, आम्ल साठून गॅस थांबतो. माणसाच्या अपचनासारखाच प्रकार, उपायही तोच : लंघन. वसतिगृह, मंगल कार्यालय, खानावळ अशा ठिकाणी ते घरापेक्षा जास्त शोभेल.

याच संस्थेला 2002 मध्येही अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला होता, उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या पद्धतीसाठी. पाचट गुरं खात नाहीत, लवकर कुजत नाही, म्हणून तोडणी झाली की फडाला काडी लावली जाते. कोळसा करणं त्यापेक्षा नक्कीच चांगलं. लातूरसाठी मात्र मी आणखी वेगळा उपयोग सुचवेन, आणि त्याचं कारण मुरुडच्या रेल्वे स्थानकावर आहे.

मिरजेहून लातूरला जाणारी लोहमार्गाची वाट मुरुडवरून जाते. एप्रिल 2016 मध्ये, लातूरला पाणी पुरवणारं मांजरा धरण कोरडं पडल्यावर, कोट्याहून धुऊन आणलेल्या टाक्यांची गाडी मिरजेत पाण्याने भरली आणि 12 एप्रिलच्या पहाटे लातूरला पोचली. दहा टाक्या, पाच लाख लिटर पाणी. महाराष्ट्रात एक किलो साखरेमागे शेतात लागणाऱ्या पाण्याचा अंदाज दोन हजार लिटरच्या आसपास धरतात. भागाकार केला तर त्या पहिल्या गाडीतल्या सगळ्या पाण्यात 250 किलो साखर पिकते. पन्नास किलोची पाच पोती. उसाच्या चक्रात चिपाडाची वीज होते, मळीचं इथेनॉल होतं, राखेचं खत होतं. पाणी मात्र पानापानातून आणि उघड्या मातीतून उडून जातं, आणि ती गळती बाकी सगळ्या गळत्यांपेक्षा मोठी आहे. पानातून उडणारं पाणी आपल्याला अडवता येत नाही. मातीतून उडणारं येतं : पाचट न जाळता सरीत पसरून ठेवलं की ऊन थेट मातीवर पडत नाही.

पत्रलेखक शिक्षक असतील तर त्यांच्या मुलांसाठी एक प्रयोग. मार्चमध्ये शाळेच्या आवारात एक मीटर लांब-रुंद असे दोन वाफे करा, दोन्हींना मोजून सारखंच पाणी द्या. एकावर वीतभर पाचट अंथरा, दुसरा उघडा ठेवा. रोज दुपारी दोन वाजता चार बोटं खोलीवरची मूठभर माती काढून तिचं वजन करा, ती तव्यावर कोरडी करा, पुन्हा वजन करा. दोन वजनांतला फरक म्हणजे ओल. दहा दिवसांचे आकडे मला पाठवलेत, तर इथेच छापू.