विश्लेषण : २०० डॉलरचे पिस्तूल कितपत भरवशाचे?

अमेरिकेत नामांकित कंपनीच्या पिस्तुलासाठी साधारण ५०० ते ६०० डॉलर मोजावे लागतात. पण त्याच दुकानात, त्याच काचेच्या कपाटात खालच्या फळीवर २०० ते ३०० डॉलरचीही पिस्तुले असतात. रात्रपाळी करणारे, पेट्रोल पंपावर किंवा किराणा दुकानात काम करणारे, गुन्हेगारी जास्त असलेल्या वस्तीत राहणारे लोक हा त्यांचा मोठा ग्राहकवर्ग. ही पिस्तुले खरेच चालतात का, त्यात बदल करावेत का, कायदा काय म्हणतो आणि तिकडे राहणाऱ्या आपल्या माणसांनी काय लक्षात ठेवावे, याचा हा आढावा.

स्वस्त पिस्तुलाची बदनामी कुठून सुरू झाली?

अमेरिकेत स्वस्त, आखूड नळीच्या, हलक्या दर्जाच्या पिस्तुलांना ‘सॅटर्डे नाइट स्पेशल’ म्हणत. १९६८च्या ‘गन कंट्रोल अ‍ॅक्ट’ने खेळ वा शिकारीसाठी योग्य नसलेल्या छोट्या पिस्तुलांच्या आयातीला चाप लावला. मात्र देशात तयार होणाऱ्या पिस्तुलांना हा निकष नव्हता. १९८१मध्ये राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रीगन यांच्यावर ज्या रिव्हॉल्व्हरने हल्ला झाला, ते सुटे भाग बाहेरून आणून मायामीत जोडलेले होते. हल्लेखोराने ते टेक्सासमधील एका दुकानातून ५० डॉलरहून कमी किमतीत घेतले होते. म्हणजे आयात थांबली, तरी स्वस्त शस्त्र थांबले नाही.

आयातबंदीने मोकळी झालेली जागा लॉस एंजलिसच्या परिसरातील कारखान्यांनी भरून काढली. १९७०मध्ये रेव्हन आर्म्स ही कंपनी सुरू झाली. पुढे जेनिंग्ज, ब्रायको, डेव्हिस, लॉर्सिन अशा कंपन्या आल्या. डॉ. गॅरेन विंटेम्यूट यांनी १९९४मध्ये या कंपन्यांचा अभ्यास मांडला, तेव्हा त्यांना ‘रिंग ऑफ फायर’ हे नाव मिळाले. जस्ताचा मिश्रधातू साच्यात ओतून पिस्तुलाचे भाग काढायचे आणि कमीत कमी यंत्रकाम करायचे, हे त्यांच्या स्वस्ताईचे गमक होते.

आजची स्वस्त पिस्तुले वेगळी आहेत का?

बऱ्याच अंशी आहेत. दोन उदाहरणे पाहू. ओहायो राज्यातील हाय-पॉइंट कंपनीचे ‘सी-९’ हे ९ मिमीचे पिस्तूल साधारण २०० डॉलरच्या घरात मिळत आले आहे. दिसायला ते ओबडधोबड आहे, वजन सुमारे ८२० ग्रॅम आणि मॅगझिनमध्ये फक्त आठ काडतुसे. दुसरे उदाहरण ब्राझीलच्या टॉरस कंपनीच्या ‘जी-२सी’चे. त्याची मूठ प्लास्टिकची, वजन सुमारे ६२० ग्रॅम आणि मॅगझिनमध्ये १२ काडतुसे.

हाय-पॉइंट इतके जड का, याचे उत्तर त्याच्या रचनेत आहे. गोळी सुटताना जितका दाब पुढे जातो, तितकाच मागेही येतो. बहुतेक ९ मिमी पिस्तुलांत हा दाब उतरेपर्यंत नळी आणि वरची सरकपट्टी, म्हणजे स्लाइड, एकमेकींत अडकून राहतात. या अडकण्या-सुटण्यासाठी अचूक यंत्रकाम लागते आणि त्याला पैसा लागतो. हाय-पॉइंटमध्ये ही व्यवस्थाच नाही. स्लाइडचे वजन आणि घट्ट स्प्रिंग यांच्या जोरावर दाब थोपवला जातो. या पद्धतीला ‘ब्लोबॅक’ म्हणतात. भाग कमी, नळी एका जागी पक्की आणि खर्चही कमी. त्याची किंमत मात्र वजनाच्या रूपात मोजावी लागते. स्प्रिंग घट्ट असल्याने मनगटात जोर नसलेल्या व्यक्तीला, विशेषतः ज्येष्ठांना, स्लाइड मागे ओढणे अवघड जाते.

टॉरसमध्ये महागड्या पिस्तुलांसारखीच नळी अडकवण्याची पद्धत आहे. तिथे बचत होते ती मोठ्या प्रमाणावरील उत्पादन, साधी रंगसफाई आणि कमी मनुष्यबळ यांतून. हाय-पॉइंटची आणखी एक जमेची बाजू म्हणजे आजीवन हमी. पिस्तूल पहिल्या मालकाकडे असो वा पाचव्या, कंपनी ते दुरुस्त करून देते.

‘भरवशाचे’ म्हणजे नेमके काय?

दोन वेगळे प्रश्न आहेत. चाप ओढल्यावर ते दर वेळी चालते का, हा पहिला. चाप न ओढता ते कधीच चालत नाही ना, हा दुसरा. ग्राहक बहुतेकदा पहिला प्रश्न विचारतो. जीव जातो तो अनेकदा दुसऱ्यामुळे.

कॅलिफोर्नियाने या दोन्ही प्रश्नांची परीक्षा कायद्यात घातली. २००१पासून लागू असलेल्या नियमांनुसार एकाच मॉडेलची तीन पिस्तुले घेऊन प्रत्येकातून ६०० गोळ्या झाडल्या जातात. पहिल्या २० गोळ्यांत एकही अडथळा चालत नाही आणि एकूण सहापेक्षा जास्त अडथळे आले तर मॉडेल नापास. त्याखेरीज पिस्तूल सुमारे एक मीटर उंचीवरून वेगवेगळ्या कोनांत काँक्रीटवर पाडले जाते. त्यात एकदाही बार उडता कामा नये. इलिनॉयसारख्या काही राज्यांनी दुसरा मार्ग धरला. ठरावीक तापमानाखाली वितळणाऱ्या धातूच्या पिस्तुलांची विक्रीच त्यांनी रोखली.

हे नियम हवेतून आलेले नाहीत. १९९४मध्ये कॅलिफोर्नियात एका घरात पिस्तूल रिकामे करताना गोळी सुटली आणि सात वर्षांच्या मुलाला मानेखाली कायमचे अपंगत्व आले. त्या ब्रायको पिस्तुलाची रचनाच अशी होती, की ते रिकामे करण्यासाठी आधी सुरक्षा खटका काढावा लागे. म्हणजे सर्वांत सुरक्षित असायला हवी ती कृती करतानाच पिस्तूल सर्वांत धोकादायक होई. २००३मध्ये ज्यूरीने रचना सदोष ठरवून कोट्यवधी डॉलरची भरपाई मंजूर केली आणि कंपनी दिवाळखोरीत गेली. टॉरसच्याही नऊ जुन्या मॉडेलविरुद्ध, पडल्यावर गोळी सुटण्याच्या तक्रारींवरून सामूहिक दावा झाला. सुमारे दहा लाख पिस्तुलांशी संबंधित त्या दाव्यात पुढे तडजोड झाली. कंपनीने दोष मान्य केला नाही, पण तपासणी आणि बदलून देण्याची तयारी दाखवली. म्हणूनच जुने, वापरलेले पिस्तूल घेताना त्याचे नेमके मॉडेल तपासणे हे किमतीची घासाघीस करण्याआधीचे काम ठरते.

नवे पिस्तूल घेतल्यावर खात्री कशी करतात?

नेमबाजीचे प्रशिक्षक साधारणपणे एकच सल्ला देतात : पिस्तूल स्वच्छ करा, तेल द्या आणि किमान २०० गोळ्या सराव मैदानात झाडून पाहा. त्यांतील काही गोळ्या तरी संरक्षणासाठी जी काडतुसे वापरणार, त्याच प्रकारच्या असाव्यात. कारण टोकाला खळगा असलेली गोळी नळीत चढताना स्वस्त पिस्तुलांत अडकण्याची शक्यता जास्त असते. अडथळा आला तर आधी मॅगझिन तपासतात. त्याच्या वरच्या कडा किंचित वाकल्या तरी काडतूस तिरपे वर येते. मॅगझिनांवर क्रमांक टाकून ठेवले, की दोष एकाचाच आहे की पिस्तुलाचा, हे लगेच कळते.

स्वतःच्या पसंतीचे बदल किती करावेत?

अमेरिकेत पिस्तुलाचे सुटे भाग ही मोठी बाजारपेठ आहे. स्वस्त पिस्तूल घेणाऱ्याला तिचा मोह जास्त पडतो. आज मूठ, उद्या माशी, परवा चाप असे करता करता २०० डॉलरच्या पिस्तुलावर ३०० डॉलर खर्च होतात. तेवढ्यात मुळात चांगले पिस्तूल आले असते.

उपयोगी बदल मोजकेच आहेत. हात घसरू नये म्हणून मुठीवर रबरी आवरण, अंधारात दिसणारी माशी, जादा मॅगझिन आणि चाप पूर्ण झाकणारे पक्के म्यान. पुढे पट्टी असेल तर छोटा दिवा. समोर कोण आहे हे दिसल्याशिवाय गोळी झाडू नये, या साध्या नियमासाठी दिव्याचा उपयोग होतो. घरच्याच माणसाला चोर समजून गोळी घातल्याच्या घटना अमेरिकेत नव्या नाहीत.

टाळण्यासारखे बदल आतले आहेत. चाप हलका करण्यासाठी स्प्रिंग बदलणे, खटक्याचे भाग घासणे हे प्रकार वरवर सोपे वाटतात. पण ज्या कडेवर आघात करणारी सुई अडून राहते, तीच घासली गेली तर पिस्तूल पडल्यावर गोळी सुटू शकते. ब्लोबॅक पिस्तुलात स्लाइड हलकी करणे किंवा स्प्रिंग नरम करणे म्हणजे दाब थोपवणारी एकमेव व्यवस्थाच कमकुवत करणे. शिवाय असे फेरफार केल्यावर कंपनीच्या हमीचाही आधार राहत नाही. हे काम करायचेच असेल तर परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावे, असे जाणकार सांगतात.

कायद्याची रेष कुठे आहे?

अमेरिकी संघराज्याच्या कायद्यात ज्या भागावर अनुक्रमांक असतो, तो सांगाडा म्हणजेच ‘शस्त्र’. दुकानातून ते घेताना अर्ज भरावा लागतो, पार्श्वभूमीची तपासणी होते आणि वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. नळी, माशी, मूठ असे बाकीचे भाग बहुतेक राज्यांत सुट्या मालासारखे मिळतात. पण काही बदलांनी पिस्तुलाची कायदेशीर जातच बदलते. मागे खांद्याला टेकवायचा दस्ता लावला तर ते ‘आखूड नळीची रायफल’ ठरते आणि त्यासाठी आधी नोंदणी लागते. पुढे उभी दुसरी मूठ लावली तर ते रायफल ठरत नाही, पण नोंदणी तेव्हाही आधी लागते. एका चापात सलग गोळ्या सुटाव्यात यासाठीचा छोटा तुकडा, ज्याला ‘स्विच’ म्हणतात, तो एकटाही कायद्याने मशीनगनच मानला जातो. त्यासाठी दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. अनुक्रमांक खोडणे हाही गंभीर गुन्हा आहे. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत तर दहापेक्षा जास्त काडतुसांच्या मॅगझिनवरही बंधने आहेत.

घरात पिस्तूल आल्याने धोका कमी होतो का?

याचे उत्तर पिस्तुलाच्या किमतीवर अवलंबून नाही. अमेरिकेत २०२२मध्ये बंदुकीमुळे सुमारे ४८ हजार मृत्यू झाले. त्यांतील निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. निराशेचा झटका काही मिनिटांचा असतो आणि त्या काही मिनिटांत हाताशी काय आहे यावर पुष्कळ काही ठरते. परवानाधारक विक्रेत्याने पिस्तुलासोबत कुलूप किंवा सुरक्षित ठेवण्याचे साधन द्यावे, असा कायदा २००५पासून आहे. ते कुलूप लावायचे की खोक्यातच ठेवायचे, हे मात्र अनेक राज्यांत मालकावरच सोडलेले असते. म्हणून २०० डॉलरच्या पिस्तुलावरचा सर्वांत शहाणपणाचा जादा खर्च म्हणजे एक लहान पोलादी तिजोरी.

अमेरिकेतील मराठी माणसांनी काय लक्षात ठेवावे?

एच-१बी, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना शस्त्र वा काडतूस बाळगण्यास संघराज्याच्या कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असणे यांसारखे काही ठरावीक अपवाद आहेत. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही. घरात एकाकडे ग्रीन कार्ड आणि दुसऱ्याकडे तात्पुरता व्हिसा असेल, तर पिस्तूल कुणाच्या हाती येऊ शकते हा प्रश्न थेट स्थलांतराच्या भवितव्याशी जोडला जातो.

दुसरी गोष्ट बॅगेची. सराव मैदानावर नेलेल्या पिशवीच्या कप्प्यात एखादे काडतूस राहून जाते आणि तीच पिशवी घेऊन माणूस भारतात येतो. विमानतळावर ते सापडले तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. ताबा ‘जाणीवपूर्वक’ नव्हता हे मान्य करून न्यायालयांनी असे गुन्हे रद्दही केले आहेत, पण तोपर्यंतचा मनस्ताप टळत नाही.

भारतात असे शक्य आहे का?

नाही. आपल्याकडे शस्त्र बाळगणे हा घटनात्मक हक्क नाही. १९५९चा शस्त्र कायदा आणि २०१६चे नियम यांनुसार परवाना लागतो. तो जिल्ह्यात जिल्हाधिकारी, तर मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पोलीस आयुक्त देतात. २०१९च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात. ९ मिमी हा ‘प्रतिबंधित बोअर’ असल्याने सामान्य परवानाधारकाला तो मिळत नाही. किमतीचा अंदाज घ्यायचा तर कानपूरच्या सरकारी कारखान्याचे ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर २०१४मध्ये सुमारे सव्वा लाख रुपयांना बाजारात आले होते. टॉरसनेही भारतीय भागीदारासह हरियाणातील हिसार येथे कारखाना उभारला आहे.

फेरफाराबाबत तर फरक आणखी स्पष्ट आहे. शस्त्राची दुरुस्ती वा रूपांतर यासाठी भारतात स्वतंत्र परवाना लागतो. नळी आखूड करणे हा वेगळा गुन्हा आहे. म्हणजे अमेरिकेत सुट्टीच्या दिवशी गॅरेजमध्ये होणारे काम इथे परवानाधारक मालकालाही तुरुंगात नेऊ शकते. आपल्याकडे परवान्याचे शस्त्र बिघडले, तर ते परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा दुरुस्ती करणाऱ्याकडेच न्यावे.