संगीतसंयोजकाचे कार्य : अँथनी गोन्साल्विस

चित्रपटाच्या श्रेयनामावलीत कवी, गायक व संगीतदिग्दर्शक ह्यांची नावे ठळकपणे येतात. रोजंदारीवर व्हायोलिन वाजविणारा वादक तेथे सहसा नसतो, आणि संगीतसंयोजक, म्हणजेच व्यवसायाच्या भाषेतील 'अरेंजर', आढळलाच तर तो पुष्कळदा 'साहाय्यक' ह्या पदनामाखाली. ह्या पदनामात त्याच्या कार्याचे यथार्थ वर्णन होते काय, हा प्रश्न अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) ह्यांच्या उदाहरणाने स्पष्ट होतो.

गोन्साल्विस हे गोव्यातील माजोर्डा गावचे. त्यांचे वडील चर्चमधील गायकवृंदाचे शिक्षक होते. पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचण्याचे व व्हायोलिनचे शिक्षण मिळत असे. ह्या विद्येच्या बळावर अनेक गोमंतकीय वादक मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले. गोन्साल्विस १९४३ मध्ये आले व नौशाद ह्यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले.

लेखी विद्येची ही गरज ध्वनिमुद्रणाच्या पद्धतीतून उद्भवली होती. संगीतदिग्दर्शक बहुधा चाल हार्मोनियमवर गाऊन दाखवीत असे. परंतु गायन व वाद्यवृंद ह्यांचे मुद्रण त्या काळी एकत्रच होई. एकाची चूक झाली तरी गीत पुन्हा आरंभापासून घ्यावे लागे. अशा स्थितीत व्हायोलिन, व्हायोला व चेलो ह्यांच्या निरनिराळ्या स्वरपंक्ती कानाने शिकविणे अशक्यप्राय होते. संयोजक त्या लिहून देई; आरंभीचे व कडव्यांमधील वाद्यसंगीतही पुष्कळदा तोच रची.

ह्यात खरी अडचण रागाची होती. भूप रागात मध्यम व निषाद वर्ज्य आहेत. पाश्चात्त्य हार्मनीतील तीन मुख्य स्वरसंघांपैकी 'म-ध-सा' ह्यात मध्यम आणि 'प-नि-रे' ह्यात निषाद येतो. 'सा-ग-प' हा एकच निर्वेध उरतो. म्हणून पुस्तकी नियम बाजूस ठेवून रागाच्याच स्वरांतून समांतर वा प्रतिसादी स्वरपंक्ती योजाव्या लागतात. हे काम यांत्रिक नव्हे; त्यास दोन्ही पद्धतींचे मर्म ठाऊक असावे लागते.

गोन्साल्विस ह्यांनी हाच प्रश्न चित्रपटाबाहेर नेला. १९५८ मध्ये त्यांनी 'इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा' स्थापून रागाधिष्ठित रचना सादर केल्या. त्यांत लता मंगेशकर व मन्ना डे ह्यांनी गायन केले. १९६५ मध्ये ते अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठात गेले. परतल्यावर ते चित्रपटसृष्टीकडे न वळता माजोर्ड्यास राहिले. त्यांचे व्हायोलिनचे विद्यार्थी प्यारेलाल ह्यांनी लक्ष्मीकांत ह्यांच्यासह संगीत दिलेल्या 'अमर अकबर अँथनी' (१९७७) ह्या चित्रपटातील एका गीतात गुरूचे नाव गुंफले गेले. ते घरोघर पोहोचले. मात्र पुष्कळांनी ते एका पात्राचे नाव म्हणूनच ऐकले.

मोबदला वादनसत्राचा मिळे, रचनेचे श्रेय संगीतदिग्दर्शकाकडे जाई, आणि मुद्रण आटोपले की स्वरलेखनाचे कागद निरुपयोगी ठरत. ते जपण्याची व्यवस्था नसल्याने संशोधकास मुख्यतः ध्वनिमुद्रिका व वादकांच्या मुलाखती ह्यांवर विसंबावे लागते. ग्रेगरी बूथ ह्यांचा २००८ मधील ग्रंथ अशा मुलाखतींवरच उभा आहे. चित्रपटगीताचा कर्ता एकच मानून लिहिलेला इतिहास म्हणूनच अपुरा ठरतो. चाल एकाची असली, तरी कानी पडणारे गीत अनेकांचे असते.