साखर आहे? मग डोळ्याचा पडदा तपासा

डोळ्याच्या आत पाणी आणि जेलीसारखा द्रव असतो. १९९४ साली अमेरिकेतील संशोधकांनी शस्त्रक्रियेच्या वेळी १६४ रुग्णांच्या डोळ्यांतून तो घेऊन तपासला. मधुमेहामुळे पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या फुटलेल्यांत ‘व्हीईजीएफ’ हे प्रथिन पुष्कळ वाढलेले आढळले. पडद्याला प्राणवायू कमी पडला की ते वाढते, नाजूक वाहिन्या उगवतात; त्यांतून रक्त सांडले की नजर जाते. आज या प्रथिनाला रोखणारे इंजेक्शन डोळ्यात देतात.

पण बंधू-भगिनींनो, सुरुवातीला काही दुखत नाही, दिसतेही नीट. म्हणून चष्म्याचा नंबर काढून थांबू नका. साखर असेल तर वर्षातून एकदा डोळ्यांत थेंब टाकून पडदा तपासून घ्या. गेलेली नजर परत मिळणे कठीण. आहे ती राखू या.