मांजरीची द्राक्षे आणि मुळा-मुठेचे पाणी

पुणे-सोलापूर रस्त्यावर मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. युरोपला निघालेल्या द्राक्षांत कोणत्या औषधाचा किती अंश उरला, याच्या तपासण्यांवर देखरेख ठेवणारी राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळाही तिथेच आहे. किलोमागे मिलिग्रॅमचा शंभरावा भाग असला तरी हाती लागतो. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशावरून युरोपने आपली द्राक्षे अडवली आणि बागायतदारांचे कंबरडे मोडले. त्याच मांजरीवरून मुळा-मुठा वाहते. तिच्या पाण्याला आपण एवढी बारीक चाळण लावत नाही, हे मला फार खुपते.

नदीची प्रकृती सांगणारा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा जलगुणवत्ता निर्देशांक चार गोष्टींवर काढतात: सामू, विरघळलेला प्राणवायू, जैविक प्राणवायूची मागणी आणि विष्ठेतले जिवाणू. पुण्याच्या मैलापाण्याचा हिशेब त्यात लागतो. कीटकनाशकाला मात्र त्यात रकानाच नाही.

क्लोरपायरिफॉसचेच घ्या. हवेली-दौंडच्या उसात वाळवीला तेच, आणि शहरात इमारतीच्या पायात वाळवी लागू नये म्हणून ओततात तेही तेच. तेव्हा नदीतल्या औषधाचा दोष एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारता येणार नाही. २०१२च्या भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी अठरा कीटकनाशकांच्या मर्यादा आहेत. क्लोरपायरिफॉसला लिटरमागे ३० मायक्रोग्रॅमची मुभा आहे. युरोपात पिण्याच्या पाण्यात कोणत्याही एका कीटकनाशकाला सर्वसाधारण मर्यादा ०.१ची. आणि ही झाली माणसाची मोजणी. माशांचे खाद्य असलेल्या जलपिसवांना एक मायक्रोग्रॅमही जड जातो. म्हणजे आपल्या मानकाने पिण्याजोगे ठरलेले पाणी ओढ्यातल्या जिवांना मारक असू शकते. सर्रास फवारले जाणारे इमिडाक्लोप्रिड तर त्या अठरांच्या यादीतही नाही.

क्लोरपायरिफॉसचे विष काम करते ते मज्जातंतूंवर. एका तंतूने दुसऱ्याला दिलेला निरोप पोचला की तो पुसणारे एक विकर शरीरात असते; क्लोरपायरिफॉस त्यालाच जखडते. निरोप थांबत नाही, स्नायू थरथरत राहतात, मग लुळे पडतात. चतुराच्या अळीचे, माशाचे आणि पंप पाठीवर घेतलेल्या मजुराचे हे यंत्र एकच आहे. २०१७ साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले, तेव्हा महाराष्ट्राला याची जाणीव झाली, पण ती शेताच्या बांधापर्यंतच. ओढ्यात उतरलेल्या औषधाकडे कोणाचे लक्ष गेले नाही. बाटलीबंद शीतपेयांत कीटकनाशके सापडल्यावर २००३ साली शरद पवारांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती बसली होती. नदीच्या वाट्याला तसे काही आले नाही.

पुण्यात हा प्रश्न अधिकच गुंतलेला आहे. मुंढव्याला शहराचे प्रक्रिया केलेले पाणी उचलून शेतीसाठी कालव्यात सोडतात. मैलाशुद्धीकरण प्रकल्प घाण कुजवण्यासाठी बांधलेले असतात, कीटकनाशके काढण्यासाठी नव्हे. तेच पाणी उसाला-भाजीला जाते, रानातले औषध घेऊन ओढ्यांनी परत नदीला लागते. मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेला मिळते आणि पुढे उजनी धरण. तिथे मासेमारांची कुटुंबे आहेत, रोहित पक्षी उतरतात, सोलापूर ते पाणी पिते.

बंदीने काही साधते, पण सावकाश. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये बंदी घातली, हुमणीसाठी सरीत टाकायचे फोरेट २०२०पासून बंद झाले. क्लोरपायरिफॉस २०२५ साली स्टॉकहोम कराराच्या यादीत गेले, तेही सवलतींसकट.

तोवर निदान मोजायला तरी लागू. नमुने जूनच्या पहिल्या लोंढ्यात घ्यावेत, कारण क्लोरपायरिफॉस मातीला चिकटून गाळाबरोबर येते. उन्हाळ्यातल्या संथ पाण्याच्या बाटलीत ते फारसे दिसणार नाही. मुंढवा, रांजणगाव सांडस आणि उजनीच्या फुगवट्याचे तोंड, या तीन जागांपासून सुरुवात करता येईल. पाण्याबरोबर तळाचा गाळही तपासावा. अंश शोधणारी यंत्रे आणि ती चालवणारी माणसे मांजरीत आहेतच.