उन्हाळी उमेदवारी
डॉक्टराचा मुलगा दवाखाना पाहतच वाढतो. सफाई कामगाराच्या मुलीला तो आतून कोण दाखवणार? म्हणून न्यूयॉर्क शहराची उन्हाळी युवक रोजगार योजना मला महत्त्वाची वाटते. 1963 पासूनच्या या योजनेत शाळकरी मुलेमुलीही सुमारे सहा आठवडे कचेऱ्यांत, इस्पितळांत, पाळणाघरांत काम करतात आणि त्याचे पैसे घेतात. (‘अनुभवा’साठी फुकट राबणे भरल्या घरच्यांनाच परवडते!) बरीचशी निवड सोडतीने होते, तिथे वशिल्याची चिठ्ठी चालत नाही.

2005 ते 2008 च्या सोडतींत नाव लागलेले आणि न लागलेले यांची संशोधकांनी तुलना केली. लागलेल्यांत तुरुंगवास आणि मृत्यू कमी आढळले. हे थोडे नव्हे. पुढच्या वर्षांतली कमाई मात्र वाढली नाही, कॉलेजात जाणारेही वाढले नाहीत. दवाखाना आतून दिसला, तरी डॉक्टरीची फी भरण्याची तरतूद या योजनेत नाही.