उलटा उभा ओक

ससेक्स परगण्यातील सिंगलटन येथे वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयाने मांडलेल्या जुन्या इमारती पाहून येण्याची संपादकांची आज्ञा होती. परंतु बे-लीफ नावाच्या शेतघरात पाऊल टाकले आणि उरलेल्या इमारतींचा मनसुबा मनातच राहून एका खांबाच्या माथ्याकडे पाहण्यात माझी सारी दुपार गेली.

घराची हकिकत थोडक्यात अशी, की केंट परगण्यातील चिडिंगस्टोनजवळ ते पंधराव्या शतकाच्या आरंभी उभे राहिले, पुढे शंभरेक वर्षांनी त्याच्या एका टोकाला नवा दुमजली भाग आला, आणि बाउ बीचच्या जलाशयात ती जमीन बुडणार म्हणून १९६८-६९ मध्ये ते उकलून १९७२ मध्ये येथे पुन्हा उभारले गेले.

आता तो खांब. वाळलेला ओक हत्याराला दाद देत नाही, म्हणून त्या काळचे सुतार तो ओलाच घडवीत. आणि बुंध्याकडील रुंद भाग वर यावा म्हणून खोड उलटे उभे करीत. त्या रुंद माथ्यात कोरलेल्या दोन जिभांपैकी बाहेरची भिंतीवरच्या आडव्या लाकडात शिरते, आतली उंच जीभ तुळईत शिरते, आणि तुळई स्वतः टोकाकडे रुंदावणाऱ्या खाचेने त्या आडव्या लाकडाला असे धरते, की छपराच्या भाराने त्याला बाहेर सरकता येऊ नये. खुंटीची भोके जाणूनबुजून किंचित चुकवलेली असतात, त्यामुळे ओकची खुंटी ठोकताच सांधा आपोआप आवळला जातो. अशी चौकट सुतार आधी आपल्या आवारात जुळवी, प्रत्येक सांध्यावर खुणेचे आकडे कोरी, सोडवी आणि मग जागेवर नेऊन उभी करी. म्हणजे उकलले जाणे हे या जातीच्या घराला जन्मापासूनच ठाऊक असते.

परंतु शेणमातीने लिंपलेल्या कुडाला ते ठाऊक नसते; तो मोडतो, नवा घालावा लागतो, आणि मग घर कोणत्या काळाचे दाखवायचे हे ठरवावे लागते. माझी चिंता येथेच सुरू होते. संग्रहालयाने घराला सोळाव्या शतकाच्या आरंभीचे रूप दिले. मधला दोन खणांचा दिवाणखाना पुन्हा छपरापर्यंत मोकळा केला, जमिनीवरच्या आगट्याचा धूर पूर्वीसारखा कौलांच्या फटींतून जाऊ दिला, आणि नंतरच्या पिढ्यांनी घातलेले धुराडे व मजला गाळून टाकले. निर्णय विचारपूर्वक झाला, हे मान्य करूनही मन अडखळते, कारण ज्यांनी धुराने चुरचुरणारे डोळे वाचवावेत म्हणून ते धुराडे बांधले, त्यांचे वास्तव्यही याच घरात होते. वर पाहिले तर वासे अजून काजळीने काळे आहेत. आणि धुराडे झाल्यावर धूर छपराशी पोचेनासा झाला, जुनी काजळी वर अंधारात पडून राहिली, म्हणूनच तिच्या साक्षीने मोकळ्या दिवाणखान्याचा दाखला मिळाला.