शेजारी शेजारी दोन तळी, एकात पोहायचं आणि दुसऱ्यात नाही: फ्रान्सच्या डोंगरातलं उन्हाळी पाणी

(एपिसोडचं लेखी रूप. बोलताना झालेली 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' थोडी कमी केली आहेत, सगळी नाही.)

आजचा विषय एका मेसेजवरून सुचला. आपला एक श्रोता मास्टर्ससाठी क्लेर्मों-फेराँला गेलाय. टायरवाल्या मिशलँचं मुख्यालय असलेलं हे शहर. त्याने लिहिलं होतं: "जुलै महिना, पारा पस्तिशीला, हॉस्टेलला एसी नाही. सगळे मित्र तळ्यावर चाललेत. एका तळ्यावर पोहायला बंदी, वीस मिनिटांवरच्या दुसऱ्यावर जत्रा. पाणी दोन्हीकडे निळंशार. फरक काय?"

प्रश्न भारी आहे. याचं उत्तर नीट समजलं तर नुसती सुट्टी चांगली जात नाही, कधीकधी जीव वाचतो. म्हणून पूर्ण एपिसोड.

आधी जागा डोळ्यासमोर आणू. फ्रान्सच्या मध्यभागी, जरा दक्षिणेकडे, मासिफ सांत्राल नावाचा जुना डोंगराळ पट्टा आहे. आल्प्ससारखी बर्फाची टोकं नाहीत. सगळ्यात उंच शिखर प्युई द सान्सी, तेही 1,885 मीटरच्या आसपास. पण इथे ओळीने झोपलेले ज्वालामुखी आहेत. क्लेर्मोंजवळची ती रांग, शेन दे प्युई, 2018 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. या भागाला ओव्हेर्न म्हणतात. तिथून दक्षिण-पूर्वेला उतरत गेलात की आर्देश. गावं छोटी, गाई भरपूर, चीज त्याहून भरपूर, समुद्र लांब. त्यामुळे इथला माणूस उन्हाळ्यात पोहायला जातो तो तळ्यावर नाहीतर नदीवर.

आता मेसेजमधली ती दोन तळी. बंदीवालं आहे लाक पाव्हँ. 'लाक' म्हणजे तळं. हे बेस गावाजवळ, साधारण 1,200 मीटर उंचीवर, जवळपास गोल, आणि खोली तब्बल 92 मीटर. सुमारे सात हजार वर्षांपूर्वी जमिनीखालचा तप्त लाव्हा भूजलाला भिडला, पाण्याची क्षणात वाफ झाली आणि प्रचंड स्फोट होऊन खड्डा पडला. पुढे तो पाण्याने भरला. अशा खड्ड्याला भूगर्भशास्त्रात 'मार' म्हणतात. गोल तळं म्हटलं की आपल्याला आधी लोणार आठवतं. पण लोणारचा खड्डा वरून आलेल्या उल्केने पाडला, पाव्हँचा खालून आलेल्या वाफेने. दिसायला भाऊ-भाऊ, पण घराणी वेगळी.

पाव्हँची खरी गंमत आत आहे. साध्या तळ्यात वरचं पाणी हिवाळ्यात थंड होतं, जड होतं, खाली बसतं आणि सगळं पाणी वर-खाली घुसळलं जातं. पाव्हँमध्ये हे साठ मीटरपर्यंतच होतं. त्याखालचं पाणी विरघळलेल्या क्षारांमुळे इतकं जड आहे की ते वरच्यात कधी मिसळतच नाही. दोन सर्व्हर आहेत, पण सिंक कायमचं बंद, असं समजा. खालच्या थरात ऑक्सिजन नाही. कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन विरघळून बसलेले आहेत. जुन्या लोकांना यातलं काही माहीत नव्हतं, तरी या तळ्याचा धाक होता. पाण्यात दगड टाकला की वादळ उठतं, असं म्हणायचे. तळाशी एक शापित गाव बुडालंय अशीही कथा आहे. पाव्हँ हे नावच 'भयंकर' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दाशी जोडतात.

दुसरं, जत्रेवालं, लाक शांबों. म्यूरोलच्या किल्ल्याजवळ, 877 मीटर उंचीवर. हा खड्डा नाही. नदीची दरी अडली आणि मागे पाणी साठलं, म्हणजे निसर्गाने बांधलेलं धरण. त्यामुळे हे उथळ, जास्तीत जास्त पाच-सहा मीटर. वाळूचा किनारा, पेडल बोट, आइस्क्रीमची गाडी, सगळं आहे.

इथे तुम्ही म्हणाल, हां, कळलं. खोल म्हणजे बंदी, उथळ म्हणजे परवानगी. थांबा. क्लेर्मोंच्या उत्तरेला गूर द ताझना नावाचं तळं आहे. तेही मार, तेही गोल, खोली साठ मीटरच्या वर. आणि तिथे ठरवून दिलेल्या भागात लोक पोहतात.

म्हणजे नुसत्या खोलीवर ठरत नाही. बंदी की परवानगी हे ठरवतो कम्यूनचा मेअर. कम्यून म्हणजे साधारण आपली ग्रामपंचायत. फ्रेंच कायद्याने पोहण्याच्या जागांचा बंदोबस्त त्याच्याकडे दिलेला आहे. कुठला भाग दोरी-बोयांनी आखायचा, जीवरक्षक कोणत्या तारखांना कोणत्या वेळेत ठेवायचा, कुठे पूर्ण बंदी, हे सगळं तो आदेश काढून ठरवतो. म्हणून एकाच डोंगरात, सारख्या दिसणाऱ्या पाण्याला वेगळे नियम.

काठावर तीन प्रकारचे बोर्ड दिसतात, आणि तीनच फ्रेंच शब्द पाठ करा. 'सुर्व्हेये' म्हणजे जीवरक्षक आहे. 'नों सुर्व्हेये' म्हणजे बंदी नाही, पण लक्ष ठेवायला कोणी नाही, जबाबदारी तुमची. 'आंतेर्दित' म्हणजे बंदी. आपण भारतीय लोक मधल्याला परवानगी समजतो. कायद्याच्या अर्थाने आहेही. पण बुडायला लागलात तर ओढून काढणारा कोणी नाही, हा त्याचा दुसरा अर्थ. आणि सुर्व्हेयेसुद्धा वेळेपुरतंच. जीवरक्षक सहसा जुलै-ऑगस्टमध्ये, दिवसाच्या ठराविक तासांत असतो. संध्याकाळी तो घरी गेला की तेच तळं नों सुर्व्हेये होतं.

झेंड्यांचे नियम 2022 मध्ये बदलले. पूर्वीचे तिकोनी झेंडे गेले, आयताकृती आले. वर लाल खाली पिवळा असा दुरंगी झेंडा म्हणजे देखरेखीचा पट्टा इथून इथपर्यंत. हिरवा, पिवळा, लाल तर सिग्नलसारखेच. जांभळा झेंडा मात्र लक्षात ठेवा: पाणी दूषित, किंवा पाण्यात धोकादायक जीव.

जांभळ्यावरून लाक एदा आठवलं. हे ओव्हेर्नमधलं मोठं नैसर्गिक तळं, लाव्ह्याचा ओघ नदीत येऊन थांबला आणि मागे पाणी तुंबलं. सुंदर आहे. पण उन्हाळ्यात इथे मधूनमधून सायनोबॅक्टेरियाचा त्रास होतो आणि पोहणं बंद करावं लागतं. शेतातून, गोठ्यांतून, सांडपाण्यातून फॉस्फरस वाहत येतो. संथ पाणी उन्हाने तापतं. मग हे सूक्ष्म जीव इतके वाढतात की पाण्यावर हिरवा रंग ओतल्यासारखी साय येते. त्यातले काही विष तयार करतात. माणसाला पुरळ, उलट्या, जुलाब. कुत्री तर दगावतात. तार्न नदीच्या काठी अशी कुत्री मेलेली आहेत. तेव्हा पाणी वाटाण्याच्या सूपसारखं दिसलं तर बोर्ड शोधत बसू नका, सरळ गाडीत बसा.

न दिसणाऱ्या घाणीसाठी तपासणी आहे. युरोपचा 2006 चा निर्देश आहे, त्यानुसार जाहीर केलेल्या प्रत्येक जागेवर हंगामात पाण्याचे नमुने घेतात आणि ई. कोलाय व एन्टेरोकोकाय हे दोन जिवाणू मोजतात. दोघेही आतड्यातले, म्हणजे पाण्यात विष्ठा मिसळली का याचे साक्षीदार. गोड्या पाण्याला 'उत्तम' दर्जा हवा तर 100 मिलिलिटरमागे ई. कोलायचा आकडा 500 आणि एन्टेरोकोकायचा 200 च्या आत हवा. हा दर्जा चार हंगामांचे आकडे एकत्र करून ठरतो. फ्रान्सच्या आरोग्य मंत्रालयाची पोहण्याच्या पाण्याची साइट आहे, तिच्यावर जागेचं नाव टाकलं की निकाल दिसतात. फुकट आहे, फोनवर चालते.

पण एक बग आहे. नमुना प्रयोगशाळेत वाढवून मोजायला एक-दोन दिवस जातात. तुम्ही आज जो हिरवा टिक बघताय तो परवाच्या पाण्याचा. मधे एक जोरदार सर येऊन कुरणांवरचं सगळं धुऊन आलं असेल तर तो टिक निरुपयोगी. पावसानंतर दोनेक दिवस नदी सोडून द्या. लेप्टो हा आपल्याकडे मुंबईच्या पुरामुळे घरोघरी माहीत झालेला शब्द. तो आजार फ्रान्सच्या गोड्या पाण्यातही आहे. पायाला जखम असेल तर विशेष जपा.

आता नदी. माझ्या मते खरी मजा नदीतच आहे, आणि खरा धोकाही.

आर्देश नदीवर पों दार्क नावाची नैसर्गिक कमान आहे. नदीने चुनखडी पोखरून बनवलेला पूल, उंची सुमारे 54 मीटर. खाली गोटे-वाळूचा किनारा, लोक कमानीखालून पोहत जातात, बाजूने कयाक. जवळच्याच कड्यात शोव्हे गुहा आहे, 1994 च्या डिसेंबरमध्ये सापडली. तिच्यातली सर्वात जुनी चित्रं साधारण 36 हजार वर्षांपूर्वीची.

या नदीत ऐन ऑगस्टमध्ये पोहण्याइतकं पाणी राहतं, त्यात माणसाचा हात आहे. वर डोंगरात, ल्वार नदीच्या उगमाजवळ, लाक दिसार्लेस नावाचं शंभर मीटरहून खोल मार-तळं आहे. 1950 च्या दशकात वीज कंपनीने ते जलविद्युत प्रकल्पाला जोडलं. ल्वारचं पाणी मुळात पश्चिमेला अटलांटिकला जायचं. त्यातलं काही बोगद्याने डोंगराखालून उलट बाजूला, सहाशे मीटरहून जास्त खाली मोंपेझाच्या वीजघरावर सोडतात. तिथून ते आर्देशला मिळतं आणि शेवटी भूमध्य समुद्रात. आपलं कोयनेचं पाणी सह्याद्री ओलांडून कोकणात उतरतं, तसंच हे. हिवाळ्यात दिसार्लेसची पातळी बरीच खाली जाते. उन्हाळ्यात मात्र ती राखतात, कारण तिथे पोहणारे येतात.

पण धरण म्हणजे नदीला कोणाच्या तरी हातातलं बटण. संध्याकाळी विजेची मागणी वाढते, टर्बाइन सुरू होतं आणि काही किलोमीटर खाली, निरभ्र आकाशाखाली, पाणी चढतं. नद्यांच्या काठी पिवळे बोर्ड दिसतात, त्यावर लाटेपासून पळणारा माणूस. तो बोर्ड शोभेचा नाही. 4 डिसेंबर 1995 ला ग्रनोबलजवळ द्राक नदीच्या पात्रात शाळेची सहल गेली होती. धरणातून पाणी सोडलं गेलं आणि सहा मुलं व सोबतची एक व्यक्ती वाहून गेली. त्यानंतर फ्रान्समध्ये असे बोर्ड आणि इशारे यांच्याकडे खूप कडकपणे बघायला लागले.

बोर्ड दिसला नाही तरी नदी सांगते. पाणी एकदम गढूळ झालं, काड्या-पानं वाहत आली, आवाज बदलला, मघाशी कोरडा असलेला दगड ओला दिसला. यातलं एकही दिसलं तर काठावर या. बॅगा नंतर. उन्हाळी वादळातही हेच: तुमच्या डोक्यावर ऊन असतं, पाऊस वरच्या दरीत पडून गेलेला असतो. हवामान खात्याचा हिरवा-पिवळा-नारिंगी-लाल नकाशा सकाळी बघून निघा. नारिंगी असेल तर घळीत उतरू नका.

आणि उड्या. निघोजचे रांजणखळगे पाहिलेत ना, कुकडी नदीतले? भोवऱ्यात दगड फिरून खडक कोरला जातो. फ्रेंच लोक त्याला राक्षसाचं पातेलं म्हणतात. सेव्हेन डोंगरातून येणाऱ्या सेझ नदीवर सोतादे नावाचे धबधबे आहेत, तिथे असे खळगे आणि खोल चिरा आहेत. फोटोत स्वर्ग. त्या पाण्याने अनेक बळी घेतलेत, धबधब्यांच्या भागात पोहायला बंदी आहे. वरून शांत दिसणारं पाणी खालच्या चिरेत खेचतं, आणि फेसाळ पाण्यात हवा इतकी असते की तुम्ही नीट तरंगतही नाही.

शेवटचा मुद्दा थंडीचा, कारण आपल्या पोरांना याचा अंदाज नसतो. आपण विहिरीत, कोमट पाण्यात शिकलेलो. हजार मीटरवरच्या तळ्यात उन्हाळ्यात वरचे काही मीटर बरे तापतात. पायाखाली मात्र एकदम थंड थर लागतो. तापलेल्या अंगाने सूर मारला की शरीर आपोआप जोरात श्वास ओढतं. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पोहता येणं-न येणं याला अर्थ उरत नाही. पहिल्या मिनिटातच हा झटका असतो, मग ओसरतो. म्हणून हळू उतरा, मानेला-छातीला पाणी लावा, श्वास जागेवर येऊ द्या, मग हात मारा. आणि झटका बसलाच तर पोहण्याचा प्रयत्न सोडा, पाठीवर तरंगा. बिअर पोहून झाल्यावर.

छोटी-मोठी माहिती पटकन. मदतीचा नंबर 112. जुने चपटे सँडल चालतील पण पट्टा घट्ट हवा, गोटे निसरडे असतात. फ्रान्सच्या सरकारी तरणतलावात ढगळ बर्म्युडा चालत नाही, घट्ट चड्डीच लागते. तळ्या-नदीवर सहसा असा हट्ट नसतो. पोहून आल्यावर अंगाला खाज सुटली तर ती बहुधा 'बदकाची पिसू': पक्ष्यांच्या एका परजीवीची अळी चुकून माणसाच्या कातडीत शिरते आणि तिथेच मरते. बाहेर आल्याबरोबर टॉवेलने खसखसून पुसा, त्रास कमी होतो.

तर मित्रा, क्लेर्मोंवाल्या, शनिवारचा प्लॅन असा कर. सकाळी पाव्हँला जा, काठाने पूर्ण फेरी मार, तासाभराची वाट आहे, पाण्याला हात लावू नकोस. दुपारी शांबों, दुरंगी झेंड्याच्या आत. मित्रांना संध्याकाळी जीवरक्षक गेल्यावर पलीकडच्या टोकापर्यंत पोहत जायची शर्यत लावायची असेल, तर तू टॉवेल सांभाळ.